वाडीच्या वारसांना खुले पत्र: लग्नं होऊ द्या, पण खाचरं बुजवू नका

प्रति,
वाडीची सर्व वारस मंडळी
आणि वाडी चालवायला घेतलेले व्यवस्थापक,
घोडबंदर रोड, ठाणे

स. न. वि. वि.

वाडी लग्नसमारंभांना भाड्याने द्यायचं तुम्ही ठरवलंत, त्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. कासारवडवलीपासून गायमुखापर्यंत डोंगराच्या अंगाला ज्या जुन्या वाड्या होत्या, त्यातल्या बहुतेक आता टॉवरखाली आहेत. तुमच्या घरात कुणीतरी विकायला ठाम नकार दिला, म्हणून ही एक उरली. त्या माणसाचे आमच्या गावावर उपकार आहेत. एवढं मोठं घर, दर पावसाळ्याआधी त्याची कौलं चाळायची, राखणदाराचा पगार, कर, कोर्टकचेऱ्या, हे सगळं आंब्याच्या चार पेट्यांवर भागत नाही हे शेजाऱ्याला कळतं. लग्नांच्या भाड्यातून वाडी टिकणार असेल तर टिकू दे.

पत्र लिहायचं कारण निराळं आहे. गेल्या उन्हाळ्यात विहिरीजवळच्या दोन खाचरांत, म्हणजे बांध घातलेल्या भातशेताच्या तुकड्यांत, डंपरने माती आणि डेब्रिज आणून भराव घातला आणि वर लॉन लावलं. आता उरलेल्या तीन खाचरांत चुन्याच्या रेघा मारलेल्या दिसतात. तिथे पार्किंग होणार आणि खळ्यावर पेव्हर ब्लॉक बसणार, असं कामावरचे मुकादम सांगतात. शिमगा नुकताच झाला आहे, मृगाला अजून वेळ आहे. काम सुरू होण्याआधी आमचं म्हणणं तुमच्या कानावर जावं, म्हणून हे लिहिते आहे. फाटकावरच्या ऑफिसात दोनदा निरोप ठेवला होता. तो तुमच्यापर्यंत पोचला नसावा असं धरून चालते.

मी कोण, तर तुमच्या जुन्या कुळाची, म्हणजे तुमची जमीन कसणाऱ्याची, नात. माझे आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ या खाचरांत राबायचे. भात झोडून झालं की खळ्यावरच मोजमाप व्हायचं, आधी मालकाचा खंड बाजूला काढायचा आणि उरेल ते आमच्या कणगीत यायचं. कमी पिकलं तरी खंड ठरलेलाच. १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ पासून कसेल त्याची जमीन झाली, तेव्हा ओढ्यापलीकडचा तुकडा आमच्या नावावर लागला. घर, खळं, आमराई आणि विहिरीकडची पाच खाचरं तुमच्याकडे राहिली. ती खाचरं त्यानंतरही आमच्याच घरच्यांनी कसली, पण मजुरीने. तुमच्या पणजोबांबद्दल आमच्या घरात कधी वाकडा शब्द निघाला नाही. ते सातबाऱ्यावर कुळाचं नाव लावायला स्वतः तलाठ्याकडे आले होते, असं आजी सांगायची. त्या काळात कितीतरी मालकांनी कुळांना रातोरात जमिनीवरून उठवलं, हे लक्षात घेतलं तर ही लहान गोष्ट नाही.

हा इतिहास मी उगाळत बसलेले नाही. तुमच्या जाहिरातीत वाडीचा इतिहास दिलाय, म्हणून त्यावर बोलावं लागतं. फलकावर आणि माहितीपत्रकात ‘१८६५ सालची ऐतिहासिक शेतवाडी’ असं छापलंय. हे साल कुठून आलं ते मला माहीत आहे, कारण छपराच्या कामाच्या वेळी खाली उतरवून ठेवलेली कौलं मी हातात घेऊन पाहिली आहेत. कौल उलटं केलं की पोटाला बासेल मिशनचं नाव आणि १८६५ हा आकडा उमटवलेला दिसतो. पण ते साल मंगळूरला त्या मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचं आहे. कारखान्याने पुढे कितीतरी वर्षं तोच ठसा वापरला. त्या कौलावरून घराचं वय निघत नाही. घराचं खरं वय काढायचं तर जुने फेरफार, गावनमुने आणि मोजणीचे नकाशे बघावे लागतील, आणि ते तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात आणि भूमी अभिलेख कार्यालयात रीतसर अर्ज करून मिळतात. मी शाळेत इतिहास शिकवते. तुम्ही म्हणालात तर ही कागदपत्रं शोधायला मी स्वतः येईन, त्यासाठी पैसे नकोत.

ती कागदं उघडलीत की मालकांबरोबर कुळांचीही नावं निघतील. फलकावर ती यावीत ही माझी एक विनंती. वाडी घडली ती भांडवल घालणाऱ्यामुळे आणि बांध घालणाऱ्यांमुळे, दोघांमुळे. आमच्याच आगरी समाजाने अलिबागेजवळ चरी गावात १९३३ पासून सहा वर्षं शेतकऱ्यांचा संप चालवला, नारायण नागू पाटलांनी तो लढवला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या पाठीशी उभे राहिले. कुळकायद्याची वाट त्या संपाने बांधली. कोकणपट्टीतल्या कुठल्याही जुन्या शेतवाडीची गोष्ट हे वगळून पुरी होत नाही. लग्नाला आलेल्या पाहुण्यांना ती वाचायला आवडेल, मला खात्री आहे. लोक एवढ्या लांब शेत बघायला येतात, तर शेतावर कोण राबलं हेही त्यांना कळू दे.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या व्यवस्थापकांना वाटतं की लग्नांसाठी जागा हवी तर शेती बंद करावी लागेल. आपल्याकडचं भाताचं वेळापत्रक आणि लग्नाचं वेळापत्रक शेजारी ठेवून बघा. मृगात पेरणी, आषाढात लावणी, मग बेणणी म्हणजे तण काढणं, दसऱ्याच्या आसपास हळवं भात कापणीला येतं, गरवं दिवाळीनंतर. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास, त्यात आपली लग्नं जवळजवळ नसतात. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात आणि तोवर खाचर मोकळं झालेलं असतं. मग मृगापर्यंत सहा महिने ते मोकळंच पडून असतं, कारण आमच्याकडे पावसावरचं एकच पीक. वालाची किंवा हरभऱ्याची थोडी ओळ सोडली तर काही नाही. पूर्वी गावातली लग्नं कुठे व्हायची? अंगणात मांडव आणि पंगती शेजारच्या कापलेल्या खाचरात. जत्रा तिथेच, नाटकं तिथेच. आजही घोडबंदरपासून उरणपर्यंत आमची पोरं टेनिस क्रिकेटचे सामने खाचरातच भरवतात. शेत मोडून लग्नाची जागा करावी लागत नाही. शेत स्वतःच अर्धं वर्ष लग्नाची जागा असतं.

यात अडचणी आहेत, त्या मी लपवणार नाही. भात कापल्यावर धसकटं राहतात, आणि चिकण माती वाळली की भेगा पडतात, त्यात साडी नेसलेल्या बायकांचे पाय अडकतील. त्यावर उपाय क्रिकेटवाल्या पोरांना विचारा. धसकटं खुरपून काढायची, पाणी शिंपडायचं, ओल बसली की रूळ फिरवायचा, वर शेण-मातीचा काला सारवायचा. चारपाच दिवसांत जमीन अशी बसते की हजार माणसं वावरली तरी धूळ उठत नाही. गाड्यांसाठी बांधाला एका कडेला तोंड पाडायचं आणि वैशाख संपता संपता ते पुन्हा बुजवायचं. विहिरीकडच्या खाचरांत गरव्याऐवजी कर्जत-३ सारखं हळवं बी टाकलं तर साधारण चार महिन्यांच्या आत भात हाताशी येतं आणि तुळशीच्या लग्नाआधी जमीन तयार करायला सवड मिळते. भराव, लॉन, पेव्हर यांवर जो खर्च होतो त्याच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. शिवाय लॉनला उन्हाळ्यात रोज नुसतं पाच मिलिमीटर पाणी धरलं तरी एका एकराला वीस हजार लिटर लागतं. विहीर एप्रिलमध्ये तळाला जाते, हे तुमच्या राखणदाराने सांगितलंच असेल. मग टँकर येणार. कापलेल्या खाचराला एकदा जमीन बसली की रोजचं पाणी लागत नाही.

पावसाळ्यात आलिशान लग्न हवं असणारेही असतात, हे मान्य. त्यांच्यासाठी घराची पडवी आणि बाजूची गोठ्याची जागा आहे. पडवीत बसून समोर हिरवं भात बघत जेवायला कुणाला नको आहे?

पाण्याचा प्रश्न आमच्या जिवाशी येतो, म्हणून त्यावर जरा थांबते. येऊरच्या डोंगरातून उतरणारे ओढे पूर्वी खाचराखाचरातून पसरत खाडीला मिळायचे. आता त्यांच्या वाटेत रस्ता, मेट्रोचे खांब आणि सोसायट्यांची कुंपणं आहेत, आणि जोराच्या पावसात घोडबंदर रोडवर काय होतं ते सगळे ठाणेकर जाणतात. ठाण्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो चार महिन्यांतच. भाताचं खाचर वीतभर पाणी धरून ठेवतं. एका एकरात वितीपेक्षा कमी, पंधराच सेंटिमीटर पाणी साठलं तर ते सहा लाख लिटर होतं, दहा हजार लिटरचे साठ टँकर. तुमची दोन खाचरं भरावाने कमरेएवढी उंच झाली आणि गेल्या पावसाळ्यात ते पाणी वळून थेट आमच्या गावठाणाच्या गल्लीत शिरलं. माझ्या काकूंच्या घरात गुडघाभर पाणी होतं, तांदळाचा डबा आणि शिलाई मशीन दोन्ही गेलं. तुम्ही हे जाणूनबुजून केलं असं मी म्हणत नाही. डंपरवाल्याने स्वस्तात डेब्रिज दिलं, कंत्राटदाराने घेतलं, पाणी कुठे जाईल याचा विचार कुणी केला नाही. पण उरलेली तीन खाचरंही भरली तर हा प्रश्न एका काकूंचा राहणार नाही.

खळ्याबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवं. तुम्ही लहानपणी सुट्टीत यायचात तेव्हा तिथे खेळलेले असाल. मधोमध तिवड्याचं भोक अजून आहे, दगडाने बुजवलेलं. त्या खांबाला बैल बांधून मळणी चालायची. खळ्याची जमीन कित्येक पिढ्यांच्या सारवणाने घट्ट झाली आहे, वरून उकरलं तर पापुद्रे सुटतात, एकावर एक. त्यावर पेव्हर ब्लॉक बसवायचे तर खाली खडी आणि सिमेंट घालण्यासाठी अर्धा फूट खणावं लागेल. म्हणजे ते सगळं जाईल. खळं तसंच ठेवून त्यावर बोहलं घाला. वाडीतली त्याहून चांगली जागा मला तरी दिसत नाही. घाणा भरताना मुसळ आणि जातं लागतं, मुहूर्तमेढीला आंब्याची नाहीतर उंबराची फांदी लागते, देवकाला पंचपल्लव, अक्षतांना तांदूळ. हे सगळं तुमच्या आवारातच मिळतं. परवा एका लग्नाच्या सजावटीला पेंढ्याचे भारे टेम्पोतून बाहेरून आलेले पाहिले, प्लास्टिकच्या दोऱ्यांनी बांधलेले, आणि पोटात तुटलं. तीन खाचरं पिकली तर तुमचा स्वतःचा पेंढा असेल. अक्षतांसाठी वाडीचाच तांदूळ नवरा-नवरीच्या हातात द्या. असं काही शहरातल्या कुठल्याही हॉलवाल्याला देता येणार नाही.

याला जोडून एक आमच्या घरचं मागणं. माझी आई धवलारीण आहे. आगरी लग्नात हळदीपासून बोहल्यापर्यंत प्रत्येक विधीचे धवले, म्हणजे त्या विधीची गाणी, असतात आणि ते म्हणणारी धवलारीण ही त्या विधीची पुरोहितच. ती विधवा असली तरी तिचा मान कमी होत नाही, आणि आपल्या समाजाबद्दल मला ज्या गोष्टींचा अभिमान वाटतो त्यातली ही एक आहे. आता गावोगावच्या हळदी डीजेने गिळल्या. खर्च आवरा, डीजे आवरा म्हणून समाजाच्या बैठकांत बोललं जातं, पण स्पीकरच्या भिंतीपुढे सत्तर वर्षांच्या बाईचा गळा पुरत नाही. तुमच्या वाडीवर आमच्या गावच्या एका मुलीची हळद झाली, तेव्हा आईला बोलावलं होतं. तिने पहिला धवला सुरू केला आणि साउंडवाल्याने टेस्टिंग सुरू केलं. थांब म्हणून सांगायला कुणी नव्हतं. आई उठली, मुलीच्या कपाळाला हळद लावून घरी आली, त्यावर आजवर काही बोललेली नाही.

तुमच्या कराराच्या कागदावर एवढं एक कलम घाला: विधी चालू असताना सगळे स्पीकर बंद. धवले असोत, मंगलाष्टकं असोत, वऱ्हाडाकडून आलेल्या बायकांच्या ओव्या असोत. यासाठी तुमचा एक रुपयाही जात नाही. आणि ज्यांना धवले काय असतात हेच माहीत नाही अशा पाहुण्यांना, त्यांना हवं असेल तर, आमच्या गावच्या धवलारणी येऊन म्हणून दाखवतील. त्यांना नेहमीची बिदागी द्या आणि मानाचं पान-सुपारी-लुगडं द्या, स्टेजवर कार्यक्रम म्हणून उभं करू नका.

रात्रीच्या आवाजाचं फार लांबवत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाहीत, हे २००० सालच्या नियमांपासून स्पष्ट आहे. वर्षातले जे मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं ते सणउत्सवांचे, खाजगी लग्नांचे नव्हेत. वाडीची मागची हद्द डोंगराला लागते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती ५ डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने पर्यावरण संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं आहे, तुमचा सर्व्हे नंबर त्यात येतो का हे नकाशावर तपासून घ्या. येत असेल तर बांधकामालाही बंधनं आहेत. येत नसेल तरी बिबट्याच्या हद्दीला लागून आतषबाजी करू नये, यासाठी कायदा काढून दाखवायची गरज पडू नये. आमच्या पाड्यात दहावी-बारावीची मुलं आहेत आणि लग्नांचा हंगाम नेमका परीक्षांच्या तोंडावर असतो.

घराबद्दल दोन ओळी. पडवीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर सुरू झालंय. जुन्या भिंती चुन्याच्या आहेत, त्या जमिनीतली ओल घेतात आणि सोडतात. वरून सिमेंट थापलं की ओल आत अडकते, दोनतीन पावसाळ्यांत पापुद्रा सुटतो आणि आतला चुना भुसभुशीत होतो. चुन्याचं काम करणारे गवंडी अजून वसई भागात मिळतात. वेळ लागेल, पण भिंत टिकेल.

आता आम्ही काय करू शकतो ते. उरलेली तीन खाचरं कसायला आमच्या पाड्यातली चार घरं तयार आहेत, मजुरीवर किंवा अर्ध्या वाट्यावर, तुम्हाला सोयीचं पडेल तसं. पुन्हा कूळ लागेल ही भीती मनात असेल तर ती आम्हाला समजते. वकिलाकडून दरवर्षीचा करार करून घ्या, आम्ही सह्या करू. भरलेल्या दोन खाचरांपैकी ओढ्याकडच्या एकातला भराव काढला तरी पाण्याला जुनी वाट मिळेल, त्याला गावातले ट्रॅक्टर लावू, डिझेलचा खर्च तुम्ही द्या. केटरिंगच्या उष्ट्यातलं ओलं तेवढं वेगळं दिलंत तर खताला घेऊन जाऊ, प्लास्टिक मात्र तुमच्या माणसांनी उचलावं. रूळ क्रिकेट मंडळाकडे आहे, तो फुकट मिळेल. बी मीच कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून आणीन.

राब, म्हणजे रोपांसाठीची जमीन, भाजायचा असेल तर वैशाखाच्या आत ठरायला हवं, त्यासाठी वाळका पाला आणि शेणाच्या गोवऱ्या आधी जमवाव्या लागतात. भाजणी केली नाही तर तण फार येतं, मग आवण, म्हणजे भाताचं रोप, नीट धरत नाही. म्हणून चैत्र संपायच्या आत एकदा भेट द्या. तुमच्यातले निम्मे परदेशात असतात हे ठाऊक आहे, फोनवर बोललात तरी चालेल, पण निर्णय घेणारं कुणीतरी प्रत्यक्ष येऊन बांधावरून फिरलं तर बरं. तोवर तिन्ही खाचरांतलं काम थांबवा, एवढं व्यवस्थापकांना आजच कळवा.

कळावे,

तुमच्या जुन्या कुळाची नात,
घोडबंदर पट्टा, ठाणे